माझ्या मागच्या डोक्याची भानगड

माणसाला स्वतःच्या डोक्याची मागची बाजू दिसत नाही, ही निसर्गाची केवढी मोठी कृपा आहे हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी एकावन्न वर्षं ती बाजू गुपचूप आपलं काम करत होती. तिनं कधी काही मागितलं नाही, मीही कधी विचारपूस केली नाही. आता सहा आठवडे झाले, आमच्या घरात दुसरा विषय नाही.

खरं तर सुरुवात पुढच्या बाजूनं झाली. मी पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे सांभाळतो. कुठल्या रस्त्याखालून कुठली नळी जाते हे मला तोंडपाठ आहे आणि त्याचा आजवर मला कुठेही काडीचा उपयोग झालेला नाही. पण शनिवारी संध्याकाळी मी दुसराच माणूस असतो. आमच्या वृंदगान मंडळाचा मी चौदा वर्षं संचालक आहे. समोर बत्तीस गाणारे आणि माझे दोन हात. हात वर गेला की बत्तीस तोंडं उघडतात, खाली आला की मिटतात. घरी मी हात वर केला तर पंखा लावायचाय का असं विचारतात. तेव्हा त्या शनिवारांची मला काय किंमत आहे ते वेगळं सांगायला नको.

तर गेल्या वर्षीचा वार्षिक कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेत गाणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे आल्या. या बाई खरोखरच एका शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत आणि रस्त्यात भेटल्या तरी माणूस आधी शर्टाचं वरचं बटण लावतो.

“सर, राग मानू नका,” त्या म्हणाल्या, “पण गाण्यात हळू जागा आली की तुम्ही मान खाली घालता. तेव्हा वरचा दिवा तुमच्या टाळूवरून थेट आमच्या डोळ्यांत येतो. पहिल्या रांगेला हातातला कागदच दिसत नाही.”

मी हसलो. “सांगितलंत ते बरं केलंत,” असंही म्हणालो. आणि मग दहा महिने दुसरं काही माझ्या डोक्यात राहिलं नाही. टक्कल पडलंय हे मला माहीत होतं. पण त्याचा लोकांना उपद्रव होतो, ही बातमी नवी होती. शेवटी एक दिवस कुणालाही न विचारता मी केस लावून देणाऱ्या दवाखान्यात गेलो.

तिथं डॉक्टरांच्या आधी एक समन्वयक मुलगी भेटते. तिनं मला उलटं बसवलं, माझ्या मानेवरचे केस दोन बोटांनी दुभागले आणि म्हणाली, “मागून काढायचे आणि पुढे लावायचे, एवढंच. सर, तुमचा डोनर एरिया फार छान आहे!”

माझ्या कुठल्याही एरियाला आयुष्यात कुणी छान म्हटलेलं नव्हतं. मी तिथल्या तिथे सही केली. “दहा दिवसांत मागचं सगळं भरून येईल,” ती म्हणाली, “सलूनवाल्यालासुद्धा कळणार नाही.” वार्षिक कार्यक्रमाला सहा आठवडे होते. मी हिशेब केला, दहा दिवस म्हणजे वीस धरू, तरी बावीस उरतात. नकाशे सांभाळणारा माणूस असा नेहमी हातचा राखून असतो.

आता कार्यालयात रजेचा अर्ज. त्यात ‘कारण’ असा रकाना असतो. खोटं लिहायचं नाही आणि खरं कळू द्यायचं नाही, असा मधला मार्ग काढून मी लिहिलं, ‘डोक्याची शस्त्रक्रिया’. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, मला बसायला खुर्ची दिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा दिली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण खुर्चीवर बसल्यावर माणसाला आपली काही चूक झाली असेल असं वाटत नाही.

शस्त्रक्रिया झाली. तिच्याबद्दल मी बोलणार नाही. सात तास पालथं पडून मी एका फरशीकडे बघत होतो. घरी आल्यावर बायकोला प्रथमच सगळं सांगितलं. तिनं मला पुढून पाहिलं, मग वळवून मागून पाहिलं, आणि म्हणाली, “अहो, पण कार्यक्रमात लोकांकडे तर तुमची पाठ असते ना?”

चौदा वर्षं मी प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतोय. सभागृहातल्या चारशे माणसांनी माझं पुढचं डोकं नमस्कारापुरतंच पाहिलेलं आहे. त्यांना दिसायचे ते मागचे केस, काळेभोर, दाट, समन्वयक मुलीनं वाखाणलेले. तेच उपटून मी बत्तीस माणसांच्या सोयीसाठी पुढे नेऊन लावले होते.

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“विचारलंत कुठे? सही करून, डोकं टोचून आलात आणि मग सांगितलंत.”

दहा दिवस झाले. डोनर एरिया भरून आला नाही. मला तो दिसत नसल्यामुळे मी सर्वस्वी बायकोच्या अहवालावर अवलंबून होतो, आणि तिचा स्वभाव मोजकं बोलण्याचा.

“कसं दिसतंय?”

“दिसतंय.”

“दिसतंय म्हणजे?”

“म्हणजे जसं होतं तसं आहे. थोडं जास्त आहे.”

शेवटी मी तिला फोटो काढायला लावला. फोटोत कसर लागलेल्या लोकरी स्वेटरसारखं काहीतरी होतं, आणि मध्ये मध्ये लाल ठिपके न् काळ्या खपल्या. मी तो समन्वयक मुलीला पाठवला. उत्तर आलं, “नॉर्मल आहे, सर.” चौदाव्या दिवशी पाठवला, “नॉर्मल आहे, सर.” अठराव्या दिवशी माझ्याकडून चुकून न्हाणीघराच्या भिंतीला आलेल्या ओलीचा फोटो गेला. त्यालाही “नॉर्मल आहे, सर” असंच उत्तर आलं. त्या दिवसापासून माझा वैद्यकशास्त्रावरचा विश्वास डळमळला.

सैल टोपी घालायला परवानगी होती. ती घालून मी कामावर जायला लागलो. पण आम्ही राहतो त्या इमारतीला तीन मजले जिना आहे, आणि जिना चढताना मागच्या माणसाचे डोळे बरोबर पुढच्याच्या मानेशी येतात. माझ्या मागून चढत होते वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर. एकतीस वर्षं औषधांच्या पुड्या बांधल्यामुळे सगळे त्यांना ‘डॉक्टर’ म्हणतात, आणि आता तेही म्हणतात. त्यांनी दोन बोटांनी माझी टोपी वर उचलली.

“कुणी केलं हे?” ते म्हणाले. खून झालेल्या घरात फौजदार विचारतो तसा आवाज होता.

मला सगळं कबूल करावं लागलं. “कुणाला सांगू नका,” असं म्हणालो. त्यांनी छातीला हात लावून शपथ घेतली, आणि संध्याकाळी समोरच्या काकू बशीत कोरफडीचा गर घेऊन दारात हजर.

“हवा लागू द्या,” त्यांच्या मागोमाग आलेले डॉक्टर म्हणाले, “उघडं ठेवा. जखमेला हवेसारखं औषध नाही.”

“हवा बिलकुल लागू देऊ नका,” काकू म्हणाल्या. “आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं हवेनंच वाटोळं झालं.”

दोघं माझ्या डोक्यावरून भांडले. म्हणजे अगदी शब्दशः माझ्या डोक्यावरून, कारण मी मध्ये खुर्चीवर मान खाली घालून बसलो होतो. कुणाचं मन मोडायला नको म्हणून सकाळी मी हवा देई आणि संध्याकाळी कोरफड लावी. नेमकं कुणाचं ऐकायचं हे न कळल्यामुळे डोनर एरियानं कुणाचंच ऐकलं नाही.

एवढ्यात पुढचे नवे केस गळायला लागले. रोज सकाळी उशीवर पाच-पन्नास. मी हवालदिल होऊन दवाखान्यात फोन केला. “ते गळतातच, सर. चार महिन्यांनी पुन्हा येतील. नॉर्मल आहे.” म्हणजे आता पुढे पूर्वीचं टक्कल आणि मागे नवीन. तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत.

सलूनवाल्याच्या रस्त्यानं मी जातच नव्हतो. लांबून वळसा घालून जात होतो. पण चोविसाव्या दिवशी तो स्वतःच त्या वळशावर उभा होता.

“टोपी काढा,” तो म्हणाला.

मी काढली. त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली.

“बावीस वर्षं हे डोकं माझ्याकडे आहे,” शेवटी म्हणाला. “उजवीकडे भोवरा, कानामागे लहानपणीची खूण. मला सगळं ठाऊक. आणि तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत.” त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यानं चष्मा लावला आणि माझी मान उजेडाकडे वळवली.

“तुम्ही खपल्या काढता.”

“छे! हातसुद्धा लावत नाही.”

“काढता. या बघा नखांच्या खुणा, सगळ्या डाव्या हाताच्या. झोपेत खाजवलं असतं तर इकडेतिकडे असत्या. या सगळ्या एकाच जागी आहेत. तुम्हाला कसली तरी सवय आहे. हात लावणं बंद करा, पंधरा दिवसांत भरेल.”

ज्या गोष्टीला दवाखान्यानं महिनाभर नॉर्मल म्हटलं होतं, तिचं निदान त्यानं रस्त्यावर उभ्या उभ्या केलं. घरी येऊन मी विचार केला, आणि विचार करताना माझा डावा हात आपोआप मागे गेला. असं होय! मन एकाग्र झालं की मी मागचं डोकं खाजवतो. त्याच दिवशी मी निश्चय केला. हात मागे जायला लागला की तो खिशात घालायचा. बायकोला पहारा द्यायला सांगितलं. आणि खरंच, तीन-चार दिवसांत कडेकडेच्या खपल्या आपसूक पडायला लागल्या.

इकडे जखम सुधारायला लागली आणि तिकडे गाणं बिघडायला लागलं. पुढच्या शनिवारी तालमीत हळू जागा आली, मी तळहात खाली करून खूण केली, आणि बत्तीसच्या बत्तीस जण भसाड्या आवाजात गात राहिले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आमच्या कार्यक्रमाचं शेवटचं गाणं एक अंगाई आहे. त्यातलं तिसरं कडवं इतकं हळू म्हणायचं असतं की सभागृहात टाचणी पडली तर ऐकू यावी. त्या शनिवारी टेबल पडलं असतं तरी ऐकू आलं नसतं. मी ओरडलो, चिडलो, पाय आपटले. ते सगळे माझ्याकडे विलक्षण कनवाळू नजरेनं बघत होते.

कनवाळूपणाचं कारण दोन दिवसांनी कळलं. मंडळाचे चिटणीस माझ्या कार्यालयात आले आणि खुर्ची ओढून अगदी जवळ बसले.

“आम्हाला सगळं समजलंय,” ते हळू आवाजात म्हणाले. “डोक्याचं ऑपरेशन म्हणजे काही थट्टा नाही. परिणाम होणारच. तुमच्या साहेबांची मेहुणी आपल्याकडे दुसऱ्या रांगेत गाते. तुम्ही धीर सोडू नका. यंदा उपसंचालकांना उभं करू.”

उपसंचालक म्हणजे ज्यांना आम्ही सगळे खर्ज म्हणतो. आवाज विहिरीतून यावा तसा आणि डोक्यावर केसांचं जंगल. चौदा वर्षं हा माणूस माझ्या जागेकडे डोळे लावून बसलाय. एकदा त्याला तिथं उभं केलं, की पुढल्या वर्षी मला कोण बोलावणार? निरोप समारंभ, एक घड्याळ, आणि शनिवारी संध्याकाळी घरी बसून पंखा.

“मी ठणठणीत आहे!” मी ओरडलो. सगळं कार्यालय माझ्याकडे वळलं. बाजूचा लिपिक धावत पाणी घेऊन आला.

“मग तसा दाखला आणा,” चिटणीस म्हणाले. “शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा. समितीचा नियम आहे.”

असा नियम कधीही नव्हता, पण तो करायला समितीला पाच मिनिटंही लागत नाहीत. मी दवाखान्यातून दाखला आणला. मजकूर चोख होता. मात्र कागदाच्या माथ्यावर एका माणसाचं रंगीत चित्र होतं, अर्धं डोकं तुळतुळीत आणि अर्धं झुपकेदार, आणि खाली लिहिलं होतं, ‘आत्मविश्वास परत मिळवा’. हा कागद समितीपुढे ठेवायचा? मी माथा कापून तो दिला. चिटणीसांनी उलटासुलटा केला.

“यावर दवाखान्याचं नाव कुठंय?”

“फाटलं.”

“कात्रीनं?”

शेवटी तडजोड झाली. पूर्वार्ध मी करायचा. तो नीट झाला तर उत्तरार्धही माझा. नाहीतर खर्ज पडद्याआड काळा कोट घालून तयार राहील.

कार्यक्रमाचा दिवस आला. मी खास काळी टोपी शिवून घेतली होती, कोटाला शोभेल अशी, पण दवाखान्याच्या सूचनेप्रमाणे सैल. सभागृह भरलेलं होतं. तिसऱ्या रांगेत नेहमीच्या जागी बायको, तिच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. मागे दारापाशी सलूनवालाही दुकान बंद करून आलेला. मी डावा हात कह्यात ठेवला आणि सुरुवात केली.

पूर्वार्धाची फजिती झाली. मोठ्या जागा मोठ्या, आणि हळू जागा त्याहून मोठ्या. मी तळहात खाली करत होतो, गुडघ्यांत वाकत होतो, डोळे वटारत होतो. ते जीव तोडून गात होते. मध्यंतराचा पडदा पडला तेव्हा खर्ज कोटाची बटणं लावत होता.

मी मुख्याध्यापिकाबाईंना कोपऱ्यात गाठलं. “बाई, तुम्हाला झालंय काय? हळू का म्हणत नाही?”

“सर, तुम्ही हळूची खूणच देत नाही!”

“देतोय की! हा काय, तळहात!”

“ती खूण?” बाई गोंधळल्या. “आम्हाला वाटायचं तुम्ही हाताला आराम देता. हळूची खूण ही.” असं म्हणून त्यांनी डावा हात उचलला आणि मागे नेऊन स्वतःचं मागचं डोकं खाजवलं. “चौदा वर्षं ही आहे. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी आम्ही त्याला हेच शिकवतो. गेल्या दोन तालमींत तुम्ही ती दिलीच नाहीत. आम्हाला वाटलं, ऑपरेशनमुळे...”

तेवढ्यात आठवलं म्हणून मी विचारलं, “आणि तो दिवा? डोळ्यांत येणारा?”

“ते होय? त्यावर आम्ही लगेच गाणीच पाठ करून टाकली, सर. आता कागद लागतो कुणाला!”

म्हणजे माझ्या टाळूचा प्रश्न गेल्याच वर्षी सुटला होता. फक्त मला कळवायचं राहिलं होतं.

चिटणीस खर्जाच्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे येत होते. मी म्हणालो, “शेवटचं एक गाणं द्या. अंगाई. ती बिघडली तर पुढच्या वर्षीपासून मी खुर्च्या लावायला येईन.” माझा आवाज कापरा झाला होता. त्याचा त्यांनी भलताच अर्थ लावला असावा, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हो म्हणाले.

उत्तरार्ध खर्जानं बरा केला, हे मान्य केलं पाहिजे. शेवटी मी उभा राहिलो. दोन कडवी झाली. तिसरं कडवं आलं. बत्तीस जणांचे चौसष्ट डोळे माझ्या डाव्या हातावर. मागे चारशे माणसं. हात मागे नेला तर टोपी राहणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. अठरा दिवस सांभाळलेल्या खपल्याही राहणार नाहीत. मला भयंकर राग आला. समन्वयक मुलीचा, खर्जाचा, माझा स्वतःचा. आणि त्या रागातच मी हात मागे नेला.

टोपी पडली. मी नखं टेकवली आणि खाजवलं.

बत्तीस आवाज एकदम खाली उतरले. इतके हळू, की मला वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. हात काढला असता तर ते वर आले असते, म्हणून मी अख्खं कडवं हात तसाच धरून ठेवला. मानेवरून काहीतरी ऊन ऊन ओघळून कॉलरमध्ये गेलं. शेवटचा सूर विरला. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांतून तिसऱ्या रांगेतून डॉक्टरांचा आवाज आला, “आता लागेल हवा!”

पडद्यामागे बायको आली. तिनं मला स्टुलावर बसवलं आणि ओल्या रुमालानं मागे टिपायला लागली.

“फार वाईट दिसत होतं?” मी विचारलं.

“दिसत होतं,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “तिसऱ्या रांगेतून चौदा वर्षं मी तुमचं मागचं डोकंच बघतेय. तो हात मागे गेला की मी पर्समधल्या गोळीचा कागद वाजवायची थांबते. मला कळतं, आता माझी आवडती जागा येणार. आज पहिल्या भागात हात गेलाच नाही. मला वाटलं, यांचं गाण्यातलं मनच उडालं.”

“अगं, पण तूच तर पहारा देत होतीस, हात लावू नका म्हणून!”

“घरी. गाण्यात लावू नका असं कधी म्हटलं?”

चिटणीस दारात उभे होते. त्यांनी माझं मागचं डोकं नीट पाहिलं, मग पुढचं पाहिलं, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. ते फक्त पुढच्या शनिवारची तालीम किती वाजता, एवढंच विचारून गेले.

बायकोनं एक फोटो काढला आणि समन्वयक मुलीला पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं, “नॉर्मल आहे, सर.”

त्या दिवशी मात्र मला ते पटलं.